साठ हजारांत ५५ इंची टीव्ही: पैसे लेबलांवर घालायचे की पडद्यामागच्या उजेडावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचा फ्लॅट, हॉल दहा बाय चौदा, सोफ्यापासून टीव्हीची भिंत आठ फुटांवर, सोफ्याच्या पाठीमागे बाल्कनीचं सरकतं दार. जुन्या ४० इंची टीव्हीची बॅकलाइट गेली. आई-बाबा दिवसभर बातम्या आणि संध्याकाळी मालिका बघतात, तुम्ही क्रिकेट आणि रात्री ओटीटीवर सिनेमे. बजेट साठ हजार, फार तर पाच वर. समोर तीन पर्याय: अडतीस हजारांचा ५५ इंची क्यूएलईडी, साठच्या घरातला ५५ इंची मिनी एलईडी, आणि जवळपास त्याच किमतीत नामांकित जपानी कंपनीचा ५० इंची साधा फोर-के. शिवाय एक मित्र म्हणतो, थोडे हप्ते वाढवून सरळ लाखाचा ओएलईडी घे.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या घरासाठी व्हीए पॅनल (पडद्याची एक जात) आणि खरं लोकल डिमिंग (चित्रात जिथे अंधार, तिथलाच मागचा दिवा मंद करणं) असलेला ५५ इंची मिनी एलईडी घ्या. ओएलईडी तुमच्या घरात नको. अडतीस हजारांचा क्यूएलईडी तेव्हाच घ्या, जेव्हा रात्रीचे सिनेमे ही तुमच्यासाठी दुय्यम गोष्ट असेल. मग उरलेल्या बावीस हजारांत साउंडबार आणि एचडी सेट-टॉप बॉक्स दोन्ही होतात. जपानी कंपनीच्या पर्यायाबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण तिथे मामला एकतर्फी नाही.

टीव्ही दुरुस्त करण्यात आणि लोकांच्या घरी बसवून देण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून एक मत पक्कं झालंय: खोक्यावर जेवढी लेबलं छापलेली असतात, त्यातल्या फारच थोड्यांचा चित्राच्या दर्जाशी थेट संबंध असतो. फोर-के, एचडीआर, एआय प्रोसेसर, एक अब्ज रंग, हे सगळं आता पंचवीस हजारांच्या टीव्हीवरही लिहिलेलं असतं. तरी तो आणि साठ हजारांचा टीव्ही रात्री दिवे मालवून शेजारी लावले, तर घरातलं लहान मूलही फरक सांगेल. तो फरक पडतो काळ्या रंगामुळे.

ओएलईडी सोडला, तर बाजारातला प्रत्येक टीव्ही, मग त्याला एलईडी म्हणोत, क्यूएलईडी, क्यूएनईडी की मिनी एलईडी, आतून एलसीडीच असतो. मागे पांढऱ्या किंवा निळ्या एलईडींचा उजेड, पुढे द्रवस्फटिकांचा थर. प्रत्येक ठिपक्यातले स्फटिक वळतात आणि किती उजेड पुढे सोडायचा ते ठरवतात. काळा दाखवायचा म्हणजे उजेड अडवायचा, आणि तो पूर्ण कधीच अडत नाही. दार लावून घेतलं तरी फटीतून उजेड आत येतो, तसा तो झिरपतो. म्हणून स्वस्त टीव्हीवर रात्रीचा प्रसंग लागला की काळं आकाश राखाडी दिसतं.

किती झिरपणार हे पॅनलच्या जातीवर ठरतं. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीएमध्ये हेच प्रमाण तीन हजारांपासून सहा हजारांपर्यंत जातं. म्हणजे पडदा तेवढाच उजळ ठेवला तरी व्हीएचा काळा तीन ते सहा पट अधिक काळा. मोबदल्यात व्हीए बाजूने बघितला की फिका पडतो. समोरच्या सोफ्यावरून बघणाऱ्यांना याचं काही नाही, पण तुमच्या हॉलमध्ये बाजूच्या भिंतीला दिवाण असेल आणि बाबा तिथेच आडवे होऊन बातम्या ऐकत असतील, तर त्यांना चेहरे धुवून निघाल्यासारखे दिसतील. ज्यांच्या हॉलमध्ये निम्मी माणसं बाजूला बसतात त्यांना मी आयपीएस सुचवतो. तुमचा सोफा समोर आहे, म्हणून व्हीए.

पंचाईत अशी, की पॅनलची जात खोक्यावर लिहिलेली नसते. त्यात एकाच मॉडेलच्या ४३, ५० आणि ५५ इंचांत वेगवेगळ्या जाती निघतात. त्यामुळे ५५ इंचीचं कौतुक वाचून ४३ इंची मागवू नका. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. टीव्हीच्या बाजूला जाऊन पंचेचाळीस अंशांतून बघा. रंग फिके पडले तर व्हीए. रंग टिकले, पण समोरून बघतानाही काळा भाग राखाडी वाटला, तर आयपीएस किंवा त्याच घराण्यातलं एडीएस पॅनल. जाताना पेन ड्राइव्हवर एखादा रात्रीचा प्रसंग आणि काळ्यावर पांढरी नावं येणारी श्रेयनामावली घेऊन जा. दुकानाच्या डेमोत फुलं, पोपट आणि कापलेली कलिंगडंच का असतात याचा कधी विचार केलाय? त्यात काळा रंग जवळजवळ नसतोच. वर छताला ट्यूबलाइटींची रांग, टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर. अशा उजेडात सगळेच टीव्ही चांगले दिसतात आणि सगळ्यात निळसर असतो तो सगळ्यात चांगला वाटतो.

आता लोकल डिमिंग. पॅनल उजेड पूर्ण अडवू शकत नसेल, तर मागचा दिवाच मंद करायचा, ही त्यामागची कल्पना. मागच्या एलईडींचे गट पाडतात, त्यांना झोन म्हणतात. चित्रात जिथे अंधार, तिथला झोन मंद. साध्या टीव्हीत झोन नसतातच, अख्खी बॅकलाइट एकदम कमी-जास्त होते. मिनी एलईडीत दिवे बारीक आणि खूप, त्यामुळे झोन जास्त पाडता येतात. पण इथेही गोम आहे: दिवे बारीक आहेत म्हणजे झोन भरपूर आहेतच असं नाही. काही स्वस्त मॉडेलांत नाव मिनी एलईडी आणि झोन मोजके. मग काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की अक्षरांभोवती धुक्यासारखं वलय दिसतं. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: झोन किती? ५५ इंचाला दोनशेच्या वर असतील तर बरं, पाचशेच्या आसपास असतील तर उत्तम. आकडा सांगता येत नसेल, तर कंपनीच्या साइटवर शोधा. तिथेही सापडला नाही, तर तो अभिमानाने सांगण्यासारखा नसावा असं मी धरून चालतो.

क्यूएलईडी या लेबलाचा काळ्याशी काहीच संबंध नाही. निळ्या बॅकलाइटसमोर क्वांटम डॉटची फिल्म बसवतात, तिच्यामुळे लाल आणि हिरवा जास्त शुद्ध मिळतो. रंग खरोखरच गडद आणि भरीव दिसतात, नाही असं नाही. पण झोन नसलेला क्यूएलईडी म्हणजे रंगीत छान आणि अंधारात राखाडी. तुमचा अडतीस हजारांचा पर्याय बहुतेक याच जातीचा असणार. दिवसा मालिका बघायला तो काही वाईट नाही.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राबद्दल, सगळ्यात जास्त तक्रारी येतात, आणि जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या: ‘नवीन टीव्ही घेतला, पण नेटफ्लिक्सवर सिनेमा काळोखा दिसतो, जुन्यावर बरा दिसायचा.’ टीव्ही बिघडलेला नसतो. एचडीआरचा मजकूर बहुधा १००० निट्सच्या (निट्स हे चकाकीचं माप) चकाकीचा विचार करून बनवलेला असतो, कधी ४००० निट्सचासुद्धा. बजेटमधला फोर-के टीव्ही अडीचशे-तीनशे निट्स देतो. मग सूर्य, दिवे, आगीच्या ज्वाळा यांना जागा करून द्यायला तो बाकीचं सगळं चित्र खाली ढकलतो. ‘एचडीआर सपोर्ट’चा अर्थ एवढाच, की तो सिग्नल टीव्हीला वाचता येतो, दाखवता येतोच असं नाही. खरं एचडीआर दिसायला निदान सहाशे-सातशे निट्स आणि सोबत लोकल डिमिंग लागतं. चांगले मिनी एलईडी आठशेच्या पुढे जातात, आणि साठ हजारांतले वरचे वीस हजार मी त्यावर घालायला सांगतो ते यासाठी. तुमच्या बाल्कनीच्या उजेडाशी दुपारी झुंजायलाही हीच चकाकी कामाला येते.

डॉल्बी व्हिजन की एचडीआर १० प्लस, एचडीआरच्या या दोन प्रकारांच्या वादात फार अडकू नका. सॅमसंग आपल्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन देत नाही, बाकीचे बहुतेक देतात. दोन्हींत प्रसंगागणिक उजेडाची सूचना सोबत येते, हे चांगलं. पण तीनशे निट्सच्या पॅनलला डॉल्बी व्हिजनचा बिल्ला लावून तो हजार निट्सचा होत नाही.

तुमच्या मित्राच्या ओएलईडीकडे येतो. अंधाऱ्या खोलीत, समोर बसून, रात्री सिनेमा बघायचा असेल, तर त्याच्या तोडीचं काही नाही. त्यात बॅकलाइटच नसते. फोर-के पडद्यावरचे ८३ लाख ठिपके प्रत्येकी स्वतः पेटतात आणि स्वतः विझतात, म्हणून काळा म्हणजे खरोखर बंद. वलय नाही, बाजूने बघा तरी रंग टिकतात. एकेकाळी प्लाझ्मा टीव्हीच्या चित्राला लोक असेच नावाजायचे. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग, एलजीने पुढच्या वर्षभरात प्लाझ्मा बंद केले, त्यानंतर ती जागा ओएलईडीने भरून काढली.

पण तुमच्या घरात बातम्या दिवसभर चालतात. मराठी वृत्तवाहिनीचा पडदा डोळ्यांसमोर आणा: खाली लाल पट्टी, तिच्याखाली धावत्या ओळी, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात ‘लाइव्ह’, आणि हे सगळं तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीचे ठिपके जितके जळतात तितके झिजतात. सतत पेटलेल्या पट्टीखालचे ठिपके बाकीच्यांपेक्षा आधी म्हातारे होतात आणि मग सिनेमा बघतानाही त्या पट्टीची सावली दिसत राहते. आरटिंग्ज या कॅनडातल्या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी वेगवेगळ्या कार्यक्रमांवर रोज तासन्‌तास चालवायला घेतले; सीएनएन ही वृत्तवाहिनी दाखवणाऱ्या टीव्हींवर डाग स्पष्ट उमटले. तेव्हापासून पॅनल सुधारलेत, लोगो मंद करण्याच्या सोयी आल्यात. तरी रोज आठ-दहा तास वृत्तवाहिनी चालणाऱ्या घरात मी ओएलईडी लावायला सांगणार नाही. घ्यायचाच झाला, तर वॉरंटीच्या अटींत या डागाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

एक मधला मार्ग आहे, विचार करून बघा. जुन्या ४० इंचीची बॅकलाइट गेली आहे, पॅनल शाबूत आहे. आवाज येतोय आणि अंधारात पडद्यावर टॉर्च मारल्यावर पुसटसं चित्र हलताना दिसतंय, तर फक्त आतल्या एलईडीच्या पट्ट्या बदलायच्या असतात. मजुरीसकट काही हजारांत होणारं काम आहे. तो टीव्ही बेडरूममध्ये लावून दिला आणि बातम्या तिकडे गेल्या, तर हॉलमधल्या टीव्हीचं आयुष्यही वाढेल. एक्स्चेंजमध्ये त्याचे फार पैसे येत नाहीतच.

आता ज्या गोष्टीकडे कुणी बघत नाही तिच्याकडे बघू: टीव्हीत चित्र येतं कुठून? साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडदा ३८४० बाय २१६०. गुणाकार केलात तर पडद्यावर बरोबर वीसपट ठिपके आहेत. म्हणजे वीसातला एक ठिपका वाहिनीने पाठवला, बाकीचे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरले. आई-बाबांच्या मालिका एसडी पॅकवर चालू असतील, तर लाखाचा टीव्हीही तिथे हात टेकेल. वर ५५ इंचांवर सगळं मोठं होत असल्याने चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसेल, आणि पहिल्याच संध्याकाळी घरात ऐकून घ्यावं लागेल. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्या एचडीत आहेत. एचडी बॉक्स आणि एचडी पॅक घ्या. चित्रात जो फरक पडेल, तो टीव्हीवर आणखी दहा हजार घालूनही पडणार नाही.

एचडी बॉक्स आधीच असेल, तर त्याच्या मागे जाऊन वायर बघा. लाल-पिवळी-पांढरी अशी तीन टोकांची वायर लावलेली असेल तर ती काढा आणि एचडीएमआय लावा. ही गोष्ट मी इतक्या घरांत बघितली आहे की आता बॉक्स बघायच्या आधी मी वायर बघतो. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८० वर आहे ना, तेही तपासा.

ओटीटीचंही तसंच. नेटफ्लिक्सच्या १९९ रुपयांच्या प्लॅनवर चित्र ७२० ओळींपर्यंतच येतं, ४९९ वर फुल एचडी, आणि फोर-के व एचडीआर मिळायला ६४९ चा प्लॅन लागतो. प्लॅन १९९ चा ठेवायचा असेल, तर डॉल्बी व्हिजनसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. फोर-के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग मागतं, तो ब्रॉडबँडला सहज मिळतो. पण राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलमध्ये असेल, तर दोन भिंतींनंतर वायफायचं काय उरतं ते एकदा मोजून बघा.

इथेच जपानी कंपनीच्या टीव्हीची बाजू येते. एसडीला फोर-के करताना जे एकोणीस ठिपके अंदाजाने भरायचे, ते काम सोनीसारखी कंपनी खरंच नीट करते. चेहऱ्याची कातडी मेणासारखी होत नाही, चेंडूमागे शेपटी लागत नाही, रंगांचे पट्टे पडत नाहीत. घरात ऐंशी टक्के वेळ डिशवरच्याच वाहिन्या चालत असतील आणि सिनेमे क्वचित, तर झोन नसले तरी तो पर्याय मी बाद करणार नाही. तुमच्याकडे रात्रीचे सिनेमे आहेत, आणि तिथे साधी बॅकलाइट उघडी पडते. शिवाय ५० आणि ५५ यांत पडद्याचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी बदलतं, हे ऐकायला कमी वाटलं तरी बघायला नाही.

आकाराचं गणित आठ फुटांवर असं बसतं. सिनेमासाठी पडद्याने डोळ्यासमोर तीसेक अंशांचा कोन व्यापावा, असं सिनेमा-तंत्रज्ञ मानतात. आठ फुटांवरून ४३ इंची बावीस अंश व्यापतो, ५५ इंची अठ्ठावीस, ६५ इंची तेहेतीस. म्हणजे ५५ योग्य आणि ६५ सुद्धा ‘फार मोठा’ नाही, लोकांना उगाच तसं वाटतं. पण साठ हजारांत ६५ घ्यायला गेलात तर झोन आणि चकाकी दोन्ही सोडावी लागतील, म्हणून ५५ वर थांबा. याच गणिताची दुसरी बाजू गमतीची आहे: सामान्य नजरेला ५५ इंचावर साधारण सात फुटांपलीकडे फुल एचडी आणि फोर-के यांतले ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. तुम्ही आठ फुटांवर आहात. फोर-केसाठी वेगळे पैसे मोजू नका. ५५ इंचात ते आपोआपच येतं. आठ-के चं नावही काढू नका.

टीव्ही उंचावर टांगू नका. शोकेसच्या वर, देवघराच्या ओळीत टीव्ही लावायची आपल्याकडे फार हौस. व्हीए पॅनल खालून बघितल्यावरही फिका पडतो. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची उंची जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येते. पडद्याचा मध्य तिथेच किंवा चार-सहा इंच वर ठेवा.

क्रिकेटसाठी हलत्या चित्राचा मुद्दा आहे. आपलं प्रसारण सेकंदाला ५० चित्रांचं, सिनेमा २४ चा, आणि साध्या टीव्हीचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा. साठला चोवीसने भाग जात नाही, म्हणून कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळतं. १२० हर्ट्झच्या पॅनलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवली की अडखळणं संपतं. क्रिकेट डिशवरून बघताना बहुतेक टीव्ही ५० वर जुळवून घेतात, ॲपमधून बघताना काही टीव्ही जुळवून घेत नाहीत आणि सीमारेषेकडे जाणारा चेंडू बारीक झटके देत जातो. ‘मोशन रेट २४०’, ‘४८०’ वगैरे आकडे सोडून द्या, पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट विचारा. आणि ‘१२० हर्ट्झ डीएलजी’ असं लिहिलेलं दिसलं तर तो ६० चाच पॅनल आहे, आडव्या ओळी निम्म्या करून १२० दाखवणारा. एचडीएमआय २.१ ची गरज प्लेस्टेशन ५ वगैरे जोडणार असाल तरच.

टिकण्याबद्दल. एलसीडी टीव्ही माझ्याकडे येतात ते बहुतांशी बॅकलाइट जळून, आणि बॅकलाइट जळते ती उष्णतेने. टीव्ही पाच वर्षं ‘व्हिव्हिड’ मोडवर, बॅकलाइट शंभरावर. तीच साठ-सत्तरवर ठेवली असती तर आणखी काही वर्षं सहज चालली असती. फार सडपातळ, कडेला दिवे असलेले एज-लिट टीव्ही टाळा. दिवे एकाच कडेला दाटीने बसतात, तिथे तापतं आणि कालांतराने कोपऱ्यात डाग उमटतात. पॅनल फुटलं किंवा त्यात उभी रेष आली तर विषय संपला. पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. म्हणून वाढीव वॉरंटी घेताना तीत पॅनल आहे का, एवढंच विचारा. ब्रँड निवडताना तुमच्या पिनकोडला कंपनीचा माणूस येतो की कंत्राटी, आणि किती दिवसांत, हे शेजारीपाजारी विचारून घ्या. डोंबिवलीत अडचण येणार नाही, पण गावाकडे पाठवायचा असेल तर हा प्रश्न चित्राच्या दर्जाच्याही आधी येतो.

स्मार्ट फीचर्ससाठी जास्त पैसे देऊ नका. तीन-चार वर्षांत प्रत्येकच टीव्हीचं सॉफ्टवेअर रेंगाळायला लागतं. तेव्हा चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावली की टीव्ही पुन्हा ताजा. पॅनल मात्र बदलता येत नाही.

स्टॅबिलायझर लावायचा का? आजच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, शहरात स्टॅबिलायझरची गरज नाही. सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा. आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की भिंतीतल्या प्लगसोबत डिशची वायरही काढा. वीज डिशच्या वायरीतून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीच्या मदरबोर्डवर येते. मे अखेरीस अशा टीव्हींची रांग लागते.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बिल घेताना तो १८ लागलाय ना ते बघा. एमआरपीवर साठ टक्के सूट वगैरे वाचूच नका, एमआरपी त्यासाठीच फुगवलेली असते. दसरा-दिवाळीचे आणि जानेवारीतले सेल खरे स्वस्त पडतात, त्याहून स्वस्त पडतं ते नवं मॉडेल आल्यावर उरलेलं मागच्या वर्षीचं मॉडेल. टीव्हीत एका वर्षात चित्र फारसं बदलत नाही. मागच्या वर्षीचा भरपूर झोनचा टीव्ही यंदाच्या कमी झोनच्या टीव्हीला खुशाल हरवतो. टीसीएल, हायसेन्स यांचे ५५ इंची मिनी एलईडी सेलमध्ये तुमच्या बजेटमध्ये बसतात. चिनी म्हणून नाक मुरडू नका. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये मोठ्या एलसीडीचं उत्पादन सोडलं, एलजी डिस्प्लेने ग्वांगझूचा टीव्ही-पॅनलचा कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला, त्यामुळे आज जपानी किंवा कोरियन नाव असलेल्या एलसीडी टीव्हीतही पॅनल बहुधा चिनी कारखान्यातलंच असतं.

बजेटमधून पाच-सात हजार आवाजासाठी बाजूला काढता आले तर काढा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद पुटपुटल्यासारखे येतात. साधा साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडा, एकाच रिमोटवर दोन्ही चालतात.

टीव्ही घरी आल्यावर पहिलं काम सेटिंगचं. पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’, ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’, शार्पनेस शून्याच्या जवळ, नॉइज रिडक्शन बंद (एसडी वाहिन्यांना थोडं ठेवा), ‘इको’ किंवा ‘एनर्जी सेव्हिंग’ बंद, लोकल डिमिंग ‘हाय’. सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत दिसत असतील तर मोशन स्मूदनिंग बंद. क्रिकेटला चालू ठेवलंत तरी हरकत नाही. डॉल्बी व्हिजनमध्ये दिवे लावून बघताना ‘ब्राइट’, रात्री ‘डार्क’. पहिले दोन दिवस घरचे म्हणतील, ‘पिवळं दिसतंय.’ दुकानातल्या निळसर पडद्याची डोळ्यांना सवय लागलेली असते; आठवडाभर द्या, मग जुना मोड लावून दाखवा, तेच ‘बर्फासारखं काय दिसतंय’ म्हणतील. तरी आई-बाबांना नाहीच रुचलं, तर दिवसासाठी ‘स्टँडर्ड’ आणि रात्रीसाठी ‘सिनेमा’ असे दोन मोड लावून रिमोटवरचं बटण दाखवून द्या. घरात त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

बसवायला येणारा माणूस घाईत असतो. त्याला भिंतीत ड्रिल मारू देण्याआधी टीव्ही स्टँडवर किंवा खोक्याला टेकवून चालू करायला सांगा. आधीच पेन ड्राइव्हवर पूर्ण राखाडी, पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि पूर्ण लाल अशी चार चित्रं घेऊन ठेवा. राखाडीवर ढगासारखे डाग किंवा उभे पट्टे दिसतात का, पांढऱ्यावर काळा मेलेला ठिपका आहे का, काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड फुटतोय का, लालवर एका बाजूचा रंग वेगळा आहे का, ते पडदे ओढून बघा आणि चारही कडा बोटाने चाचपा. काही खटकलं तर तिथेच फोटो काढा, इन्स्टॉलेशनच्या कागदावर सही करण्याआधी तसं लिहून घ्या, आणि बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट खोका टाकू नका.